औषध तयार हाय

शिवाजी पेठेत शालूबाईंच्या रागाला कुणी राग म्हणत नसे. ‘बाई बोलायला लागल्या’ एवढंच म्हणत आणि खिडक्या ओढून घेत. यजमान हंबीरराव तर पहिल्या वाक्यालाच चपला सरकवून तालमीकडे निघत. तिथला त्यांचा कॅरम गेली वीस वर्षं बायकोच्या रागावर चालला होता, आणि त्यामुळे हात असा काही बसला होता की पेठेत त्यांच्यासमोर खेळायला कुणी धजत नसे.

हाच राग एका जागी मात्र पगारी होता. कोल्हापुरातल्या एका संशोधनाच्या प्रयोगशाळेत शालूबाई मदतनीस होत्या. तिथं कर्करोगावरच्या एका औषधाचं काम चाले. हे औषध म्हणजे एक नंबरचं झोपाळू. अंधारात ठेवा, गप पडून राहील. उजेड पडला की खडबडून उठणार आणि शेजारी जे सापडेल ते जाळणार. युक्ती अशी, की झोपेतच त्याला उचलून गाठीपर्यंत न्यायचं आणि तिथं लाल उजेड पाडून उठवायचं. म्हणजे गाठ जळेल आणि बाकी अंगाला धक्का लागणार नाही. अडचण एवढीच, की हे महाशय पाण्यात विरघळत नाहीत. रक्तात सोडले तर गोळा होऊन बसतात, नाहीतर भलतीकडेच उतरतात. म्हणून त्यांना बसवून न्यायला चरबीचे फुगे करायचे, तेही इतके बारीक की एका केसाच्या जाडीत आठशे-हजार मावावेत. या फुग्यांना प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, म्हणजे सरांनी, मराठीत ‘सूक्ष्म वाहक’ असं नाव दिलं होतं.

बाटल्या धुणं, नळ्या वाळवणं, ज्या ज्या भांड्यात ते औषध जाईल ते ते भांडं चांदीच्या कागदात गुंडाळणं, ही बाईंची कामं. चांदीचा कागद म्हणजे डब्यात चपात्या गुंडाळतो तोच. पण खरं काम दाराचं. आतल्या खोलीत एक मंद हिरवा दिवा तेवढा असे. ते दार कुणी अवेळी उघडलं की तीन आठवड्यांचं काम मातीत. त्या दाराबाहेर शालूबाई बसत. “दार!” हा त्यांचा एकच शब्द ऐकून वरच्या मजल्यावरच्या लोकांनी आपापली दारं लावून घेतल्याचं सांगतात. एकदा दिल्लीहून तपासणीला आलेल्या एका मोठ्या गृहस्थांनी कडीला हात घातला.

“पावणं, हात काडा,” बाई म्हणाल्या.

“मैं कमिटी का चेअरमन हूँ.”

“तुमी कुणीबी असा. आत औषद झोपलंय.”

चेअरमनसाहेबांनी मुकाट्याने हात काढला आणि अहवालात ‘प्रकाशापासून संरक्षणाची व्यवस्था अत्युत्तम’ असं लिहिलं. त्या संपूर्ण अहवालातला तेवढाच एक चांगला शेरा होता.

सांगायचं कारण, बाईंना ते औषध आपलं वाटे. सातवीपर्यंत शिकलेल्या, पण सात वर्षं त्या दाराशी बसून त्यांनी तिथली भाषा उचलली होती. सरांच्या हाताखाली पीएच.डी. करणारी मधुवंती नावाची एक शांत मुलगी होती. आतल्या खोलीत औषधाचा एक घाणा उतरला, की ती दारातून फक्त डोकं बाहेर काढून म्हणे, “मावशी, तयार!” तयार म्हणजे हा घाणा झाला. आता तो मोजणीच्या यंत्राकडे न्यायचा, तिथं फुगे लहानमोठे निघणार, मधुवंती कपाळाला हात लावणार आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. असे सतरा घाणे बाईंनी ‘तयार’ झालेले पाहिले होते, आणि त्यातले सोळा स्वतःच्या हाताने टाकाऊच्या डब्यात ओतले होते.

जानेवारीत मोहित नावाचा एक तरुण बातमीदार प्रयोगशाळेत आला. सर पुण्याला गेलेले, मधुवंती आत अंधारात. उजेडात शालूबाई एकट्याच सापडल्या. त्याने चार प्रश्न विचारले, बाटली हातात धरायला लावून फोटो काढला आणि तो गेला. तिसऱ्या दिवशी पेपरात आलं, ‘कर्करोगावरील औषध कोल्हापुरात तयार! सूक्ष्म वाहक थेट गाठीपर्यंत पोहोचणार’. खाली चांदीत गुंडाळलेली बाटली घेऊन शालूबाई. फोटो चांगला आला होता. बाईंनी मथळा वाचला. औषध तयार, हे तर खरंच होतं, सतरावा घाणा मंगळवारीच उतरला होता. पुढचं वाचायच्या आधी त्यांचं लक्ष ब्लाउजच्या रंगाकडे गेलं आणि बातमी तिथंच संपली. सरांनी तो फोटो सगळीकडे पाठवला. गल्लीने बाईंचा शाल-नारळ देऊन सत्कार केला. त्या आठवड्यात हंबीररावांना एकदाही तालमीत जावं लागलं नाही.

याच जानेवारीत बाईंच्या थोरल्या भावाच्या, ज्ञानूअण्णांच्या, तोंडातला तुकडा तपासून आला होता. अण्णा उचगावला राहत. चौतीस वर्षं एसटीत वाहक, त्यातली पंचवीस गारगोटी आगारात. एका हातात तिकिटं, दुसऱ्या हातात चुना-तंबाखू, आणि मधल्या काळात बेल. निवृत्तीत तिकिटं आणि बेल तेवढी सुटली. डाव्या गालात जखम झाली, ती भरेना. तपासणीत कर्करोग निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, जबड्याचा तुकडा काढावा लागेल, मग लाईट द्यावी लागेल. लाईट म्हणजे तो यंत्रावरचा शेक, आपल्याकडे त्याला सगळे लाईटच म्हणतात. तारीख फेब्रुवारीतली मिळाली. पुढे अण्णा म्हणाले, डॉक्टरांनी तारीख पुढे ढकलली. मग परत म्हणाले, आणखी पुढे ढकलली. दवाखान्याचं असंच असतं म्हणून कुणी फार चौकशी केली नाही.

मार्चच्या मध्यावर विठाबाईंचा, म्हणजे वहिनींचा, फोन आला. आवाज अगदी खाली.

“शालूबाई, तुमास्नी म्हणून सांगतो. डाक्टरनं तारीख ढकलल्याली न्हाय. ह्येच ग्येलं न्हाईत. दोन्ही बारी.”

“का?”

“तुमच्या औषदाची वाट बगायल्यात.”

बाई पुढच्या रिक्षाने उचगावला पोहोचल्या. अण्णा सोप्यात गालाला रुमाल लावून बसले होते. बहिणीचा चेहरा बघून म्हणाले, “ये शाले. तुज्या वैनीनं चाडी केली न्हवं?”

“अण्णा, डाक्टरनं दोन तारखा दिल्या. कुटं हुतास?”

“हितंच हुतो की.”

“मग दवाखान्यात का ग्येला न्हाईस?”

“आगं इच्यार करून ग्येलो न्हाय. त्यो डाक्टर काय म्हणतोय? आदी जबडा काडू, मग लाईट दिऊ. तुमी काय म्हणताय? नुसती लाईट. शेवटी दोगंबी लाईटच देणार, मग मदी सुरी कशाला?”

“ती लाईट येगळी, ही लाईट येगळी!”

“आता लाईटीत बी जातपात हाय व्हय?” असं म्हणून अण्णांनी उशीखालून कात्रण काढलं. प्लास्टिकमध्ये घालून घेतलेलं, अगदी ओळखपत्रासारखं. त्यावर बोट ठेवून त्यांनी वाचलं, “‘सूक्ष्म वाहक हे औषध थेट गाठीपर्यंत पोहोचवतील.’ वाहक, शाले! चालक म्हटलं न्हाय, डाक्टर म्हटलं न्हाय. वाहक! चौतीस वर्षांत म्या एक प्याशिंजर चुकीच्या थांब्यावर उतरिवला न्हाय. आमच्या खात्याचा मानूस हाय म्हटल्यावर पोचिवणार की न्हाय?”

“अण्णा, वाहक म्हंजे फुगं हायती फुगं! चरबीचं!”

“आमच्यात बी हुतं की तसलं. पाटगावच्या गाडीला एक हुता, दारातनं आडवा होऊन आत यायचा. पर तिकिटाला पक्का.”

वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या, आणि त्याच पदराने त्यांनी डोळे पुसले. शालूबाईंना हसू आलं नाही. त्या अण्णांच्या गालाकडे बघत होत्या. जानेवारीत सुपारीएवढी असलेली सूज आता कानाखाली उतरली होती. हा माणूस एका बैठकीला चार भाकरी मोडणारा, त्याच्यापुढे वाटीत भाकरी दुधात कालवून ठेवली होती आणि त्यातलीही निम्मी तशीच होती. बोलताना तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं.

“तू औषद आनणार का न्हाय तेवडं सांग,” अण्णा म्हणाले. “का सर देत न्हाईत? मी बोलू का त्यास्नी?”

बाई उठल्या. त्यांना कुणाचं तरी नरडं धरायचं होतं, आणि ते अण्णांचं धरण्यासारखं राहिलेलं नव्हतं. रिक्षात बसेपर्यंत नाव सापडलं. मोहित.

पेपरच्या कचेरीत त्या शिरल्या तेव्हा दहा-बारा माणसं खाली मान घालून टकटक करत होती.

“तूच न्हवं मोहित?”

“अरे, मावशी! बसा ना.”

“बसाय आलो न्हाय. मानसं माराय निगालाईस व्हय रं तू? औषद तयार हाय म्हणून कुणी सांगिटलं तुला? कुटल्या तोंडानं छापलंस? माजा भाऊ दोन म्हैनं घरात बसलाय त्या तुज्या कागदावर!”

टकटक थांबली. मोहित गोरामोरा झाला. पोरगा वाईट नव्हता. हळूच म्हणाला, “मावशी, मी मनाचं एक अक्षर लिहिलेलं नाही.” त्याने मोबाइल काढला, त्यात काहीतरी शोधलं आणि टेबलावर ठेवला.

मोबाइलमधून शालूबाईंचा आवाज आला, खणखणीत, दाराबाहेरचा. “आमचं औषद तयार हाय. बाटल्या भरून, चांदीत गुंडाळून ठिवल्यात. उद्या न्यायच्या.”

मग मोहितचा आवाज, “म्हणजे पेशंटसाठी?”

मग पुन्हा बाईंचा. “मग काय म्हशीसाठी?”

कोपऱ्यात कुणीतरी फिस्सकन हसलं. मोहितने घाईघाईने मोबाइल बंद केला.  असं बोललेलं बाईंना आठवतही नव्हतं. आठवणार कसं? दिवसातून पन्नास वेळा त्या असंच काहीतरी फेकत. त्या दिवशी तो पोरगा खुळ्यासारखं विचारतोय म्हणून त्यांनी ते त्याच्या अंगावर फेकलं होतं. त्याने ते झेललं आणि छापलं.

राग मात्र गेला नाही. तो फक्त कुणावर ठेवायचा ते कळेनासं झालं, आणि असा राग फार वाईट.

“बरं, मी म्हटलो,” त्या म्हणाल्या. “पर मी कोन? मी बाटल्या धुतो. बाटल्या धुणाऱ्या बाईला इच्यारून तू कॅन्सरची बातमी छापलीस? आनी कुणाला इच्यारावं वाटलं न्हाय?”

“सरांना फोन लावला होता. लागला नाही.”

“मग लागंस्तवर थांबायचं!”

“मावशी, सात वाजता पान जातं.”

“मानूस बी जातंय, बाळा,” बाई म्हणाल्या आणि बाहेर पडल्या. मोहितने पुढच्या आठवड्यात खुलासा छापला. आठव्या पानावर, भाड्याने देणे आहेच्या खाली, इतक्या बारीक अक्षरात की तो वाचायला आधी डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्यावं लागलं असतं.

प्रयोगशाळेत सर चहा पीत होते. शालूबाई त्यांच्यासमोर कधी आवाज चढवत नसत. आज त्यांनी दार लावायचेही कष्ट घेतले नाहीत.

“सर, तुमी ती बातमी वाचलीती?”

“वाचली की. छान आली होती. जरा अतिशयोक्ती होती, पण...”

“जरा?”

“शालूबाई, वर्तमानपत्रं असं लिहितातच. त्याने संशोधनाबद्दल लोकांत आस्था निर्माण होते.”

“झाली की. माज्या भावाच्या गालात झालीया.” मग त्यांनी सगळं सांगितलं, न थांबता. सरांचा कप बशीत परत गेला तो वाकडा टेकला. “तुमास्नी इंग्रजीत शंबर-शंबर पानं ल्हिवाय येत्यात,” बाई म्हणाल्या. “पेपरला दोन वळी ल्हिवाय आल्या न्हाईत? ‘अजून तयार न्हाय,’ बास. मी अडाणी, मला कळालं न्हाय. तुमाला कळालंतं. तुमी फोटू फिरीवलासा.”

सरांनी कप बशीत सरळ केला. मग म्हणाले, “चुकलं माझं.” बाईंना ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्यांनी मोबाइल काढून उचगावला फोन लावला, “उद्या अकराला लॅबला या, दोगंबी,” एवढं म्हणाल्या आणि ठेवला. रागात त्यांचं बोलणं असंच तोडकं होई. ऐकणाऱ्याने त्यातून काय समजायचं, हा विचार तोवरही त्यांना शिवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी अकराला अण्णा आले ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. दाढी केलेली, सुजलेल्या बाजूची अर्धीच जमलेली. वहिनींच्या हातात पेढ्यांचा पुडा होता.

“सरास्नी,” वहिनी म्हणाल्या. “औषद देणार म्हटल्यावर रिकाम्या हातानं कसं यायचं?”

शालूबाईंना फोनवरचं आपलं तोडकं वाक्य आठवलं. मधुवंतीने तिघांना आत घेतलं. तिला सगळं ठाऊक होतं. रात्री ती जेवली नव्हती, असं तिच्या आईने नंतर कुणालातरी सांगितलं म्हणे. तिने कपाटातून एक बाटली काढली, चांदीचा कागद थोडा मागे केला आणि आतल्या खोलीच्या हिरव्या उजेडात अण्णांच्या पुढे धरली.

“काका, यात आहेत ते वाहक.”

अण्णांनी डोळे बारीक केले. “पांडरं पानी दिसतंय.”

“एका थेंबात कोट्यवधी आहेत.”

“म्हंजे सगळं म्हामंडळ हितंच येऊन बसलंय.” अण्णा खूश झाले. “मग द्या की.” आणि त्यांनी डोळे मिटून, मान वर करून, तोंड उघडलं. दोन बोटं. पोलिओच्या डोसाला लहान पोर बसतं तसे ते त्या स्टुलावर बसले होते.

मधुवंतीने बाटली खाली ठेवली. तिचा आवाज नेहमी इतका हळू, की बाईंना तो बंद दारातून ऐकू येत नसे. आज तो स्पष्ट होता.

“काका, हे औषध नाही. अजून नाही. आम्ही काचेच्या ताटलीत कर्करोगाच्या पेशी वाढवतो, त्यांच्यावर हे घालतो आणि उजेड पाडतो. ताटलीत त्या मरतात. एवढंच झालंय. उंदरालासुद्धा अजून दिलेलं नाही. माणसापर्यंत जायला दहा वर्षं लागतील. कदाचित जाणारही नाही.”

अण्णांनी डोळे उघडले.

“आणि आज मिळालं असतं तरी तुम्हाला उपयोग नव्हता,” ती म्हणाली. “उजेडाची दुसरी औषधं आहेत, माणसांना देतातही, पण वरवरच्या पातळ जखमेला. उजेड मांसातून नखभर आत जातो. तुमची गाठ हाडात गेलीय. तिथं पोहोचत नाही तो. तुम्हाला ऑपरेशनच करायला हवं. जानेवारीतच करायला हवं होतं.”

“शाले,” अण्णा म्हणाले, “पोरगी काय म्हणतीया?”

“खरं म्हणतीया.”

“मग पेपरात ते कुणी सांगिटलं?”

“म्या.”

 बाईंनी भिंतीकडे बघत सांगितलं, “हितं घाणा उतरला की तयार म्हणत्यात. मी बी तसंच म्हटलो. त्यो पोरगा इच्यारला पेशंटसाठी का, तर म्या त्येच्या तोंडावर काय बी फेकलं. पाटी म्या लावली, अण्णा. गाडी आगारातनं भाईर बी पडली न्हाय, आन् म्या तिच्यावर पाटी लावली.”

अण्णा उठले. एसटीच्या माणसाला दुसरं काहीही सांगा, पण पाटीचं सांगू नका.

“चुकीच्या पाटीवर आमच्यात मानसं नोकरी जाऊन घरी बसल्यात, ठावं हाय तुला?” त्यांचा आवाज चढत गेला. सुजलेल्या गालातून शब्द फाटून बाहेर पडत होते. “म्हातारी-कोतारी बसत्यात त्या पाटीवर इश्वास ठेवून! दोन म्हैनं, शाले! दोन म्हैनं त्या पाटीखाली हुबा हुतो मी, आन् तू माज्या पाठची भैन, तुज्या हातात बाटली बगून हुबा हुतो!”

ओरडा ऐकून शेजारच्या खोलीतली दोन मुलं धावत आली आणि त्यांनी दार सताड उघडलं. दुपारचा पांढरा लख्ख उजेड आत आला, आणि टेबलावर मांडलेला अठरावा घाणा त्यात न्हाऊन निघाला. मधुवंतीने बघितलं. शालूबाईंनी बघितलं. तीन आठवड्यांचं काम मातीत गेलं.

अण्णांनी रुमाल तोंडाला लावला. तो काढला तेव्हा त्यावर लाल डाग होता.

“दे की शिव्या,” बाई म्हणाल्या. “थांबलास का?”

“देणारच हाय. तोंड दुकतंय म्हणून थांबलोय.”

तेव्हा विठाबाईंनी पेढ्यांचा पुडा टेबलावर आपटला. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती आणि त्यांचा आवाज उचगावात कुणी शेजारच्या घरातून ऐकला नव्हता.

“शिव्या मागनं द्या!” त्या किंचाळल्या. “दोगं बी लई बोलून ऱ्हायलाईसा, जलमभर बोलून ऱ्हायलाईसा! आदी दवाखाना किती वाजता बंद हुतो त्ये बगा कुणीतरी!”

 मधुवंतीने फोन लावला. बाह्यरुग्ण विभाग एकला बंद होत होता. एका रिक्षात तिघं बसली आणि थेट दवाखान्यात गेली.

डॉक्टर फार बोलले. कागद बघत बोलले, गाल दाबत बोलले, वहिनींना बोलले. “दोन तारखा दिल्या होत्या मी! दोन! तुमच्या जागी दुसरे दोन पेशंट घेता आले असते मला. शिकलेली माणसं तुम्ही, सरकारी नोकरी केलेली!”

“डाक्टर, मला बोला,” शालूबाई म्हणाल्या. “त्यास्नी नगो. माजं हाय ते.”

डॉक्टरांनी वर बघितलं. “तुम्ही कोण?”

“पेपरातली बाई.”

ऑपरेशन होईल की नाही, हे त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही. गाठ गालातून मागे सरकली असेल तर मी हात लावणार नाही, आधी स्कॅनचा फोटो बघू, असं म्हणाले. फोटोचा निकाल यायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत शिवाजी पेठेत एकही खिडकी लावावी लागली नाही. हंबीरराव सवयीने दोनदा चपला घालून उभे राहिले आणि काही ऐकू येईना म्हणून घाबरून परत आत आले.

निकाल आला. ऑपरेशन होण्यासारखं होतं. पण गळ्यात दोन गाठी दिसत होत्या, म्हणजे आता मानही उघडावी लागणार होती. “जानेवारीच्या फोटोत या नव्हत्या,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी ते रागाने म्हटलं नाही. त्यामुळे ते बाईंच्या जास्त आत गेलं. पुढं कुणी कितीही समजूत घातली तरी ते वाक्य तिथंच राहिलं.

ऑपरेशन नऊ तास चाललं. जबड्याचा डावा तुकडा काढला, मांडीचं मांस गालाला लावलं, गळ्यातल्या गाठी काढल्या. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, “दिसत होतं ते सगळं निघालंय. पुढचं सहा महिन्यांनी बोलू.” आणि चहा प्यायला गेले.

चार दिवस अण्णांना काही बोलता येण्यासारखं नव्हतं. नाकात नळी, गळ्यात नळी, तोंडाला पट्ट्या. पाचव्या दिवशी शालूबाई डबा घेऊन गेल्या, वहिनींसाठी. अण्णा उशीला टेकून बसले होते. बहिणीला बघताच त्यांनी हाताने खूण केली. संयोगिता नावाच्या नर्सने त्यांना वही आणि पेन दिलं. अण्णा लिहायला लागले. पेन असं चाललं होतं, जणू यात्रेच्या गर्दीत तिकिटं फाडतायत. एक पान भरलं. त्यांनी ते फाडून बाईंच्या हातात दिलं आणि समाधानाने डोळे मिटले.

बाईंनी कागद उलटा धरला, सुलटा धरला. धावत्या गाडीत उभं राहून चौतीस वर्षं लिहिलेलं ते अक्षर, त्यांना एक शब्द लागेना. त्यांनी तो नर्सपुढे धरला.

“काय म्हणत्यात बग की, पोरी. काय दुकतंय का?”

संयोगिताने वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला तिच्या भुवया वर गेल्या, तिसऱ्या ओळीला कान लाल झाले. तिने कागदाची घडी घातली.

“काकू, हे मी वाचणार नाही.”

“का गं?”

“मी ड्युटीवर आहे.”

बाईंनी पलंगाकडे बघितलं. अण्णांनी एक डोळा उघडला होता, पट्टी नसलेल्या बाजूचा, आणि तो बहिणीवर रोखला होता. त्यात दया नव्हती. दोन महिने साठलेलं सगळं त्यात जसंच्या तसं होतं.

“किती वळी हायत्या?” बाईंनी विचारलं.

“पान भरलंय, काकू. आणि खाली ‘मागे पाहा’ असं लिहिलंय.”

शालूबाईंनी डबा खाली ठेवला, पदर सावरला आणि भावाच्या उशाशी मांडी घालून बसल्या.

“वाच,” त्या म्हणाल्या. “हळू वाच पायजे तर. पर एक अक्षर गाळू नगो. मी बसलोय.”